उभं भजन

“हिचा तिसरा दात कुणी पाडला?” मी विचारलं.

गुंडू गुरव गाभाऱ्यातून हात पुसत बाहेर आला. माझ्या हातात ॲम्प्लिफायरची वायर होती आणि तिच्या टोकाला तीन पिनांचा प्लग. पिना मात्र दोनच. वरची जाड पिन बुडापासून उडवलेली.

“मीच की पाडला,” गुरव छाती काढून म्हणाला. “बोर्डाला भोकं दोन आनि ह्येला दात तीन. बसंल कसा? पक्कडीनं एक उपटून टाकला. तवापास्नं बघा, एक दिवस खोळंबा न्हाई.”

“एकही दिवस नाही?”

“म्हंजे... मधी ते रतनचं झालं. पर ते येगळं. ते करंटाचं न्हवं.”

मी प्लग खाली ठेवला आणि बोर्डावरचं बटण बंद आहे ना, ते पुन्हा एकदा बघितलं. माझी ती जुनी खोड. बायको म्हणायची, आपल्या घराचं दार लावलं का ते तुम्ही कधी बघत नाही, पण लोकांची बटणं चारचारदा बघता. खरंच आहे. दार उघडं राहिलं तर फार तर मांजर येतं.

मी हारूण शिकलगार. तालुक्याच्या पेठेत माझं रेडिओ-स्पीकर दुरुस्तीचं दुकान होतं. अजून आहे, फक्त आता तिथं मोबाईलची कव्हरं जास्त खपतात. त्या काळी आसपासच्या गावांत लग्न असो, उरूस असो की यात्रा, कर्णे लावायला मलाच बोलवायचे. खडेवाडीच्या सिद्धनाथाची यात्रा तर वडिलांच्या वेळेपासून आमच्याकडे. पण माझं काम देवळाबाहेरचं. आत सभामंडपातला सेट भजनी मंडळाचा स्वतःचा होता, गावातल्या मुंबईकर पोरांनी वर्गणी काढून दिलेला. त्याला मंडळाशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्या वर्षी मंडळाने दोन नवे स्पीकर आणले, ते जोडायचे कुणाला जमेना, म्हणून यात्रेच्या आदल्या दिवशी पंचांनी मला पहिल्यांदा आत बोलावलं. आणि आत पाऊल टाकलं तर हा दात पाडलेला प्लग.

आता खडेवाडीची रीत सांगायला हवी. यात्रेच्या सकाळी देवाला आंघोळ घातली की पहिलं भजन उभ्याने म्हणायचं. पखवाज, पेटी, टाळकरी सगळे सभामंडपात जाजमावर बसलेले. म्हणणारा एकटा पुढे, गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी, अनवाणी, नुकत्याच धुतलेल्या दगडी फरशीवर. त्याला उभं भजन म्हणतात. ते झाल्याशिवाय पालखी जागची हलत नाही. श्रावणातल्या सोमवारीही तसंच.

मला मिसरूड फुटायच्या आधीपासून उभं भजन केरबा बुवा म्हणायचे. काय आवाज होता त्या माणसाचा! बाहेर माझे कर्णे बंद असले तरी ओढ्यापलीकडच्या मळ्यात ऐकू जायचा. ‘बुवा, तुम्ही माझ्या धंद्याच्या मुळावर उठलाय,’ असं मी त्यांना चिडवायचो. आदल्या वर्षी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज.

मुलगा आनंदा पखवाज असा वाजवायचा की मान आपोआप हलायची, पण गळा म्हणाल तर फुटक्या मडक्याचा. सून मात्र, रतन, स्वयंपाकघरात भाकऱ्या थापता थापता सासऱ्याच्या सगळ्या चाली शिकलेली. बुवांनी कुणाचं ऐकलं नाही, श्रावणातल्या पहिल्या सोमवारी तिला उंबऱ्याशी उभं केलं. बाईमाणसाने उभं भजन म्हणायची गावातली ती पहिली वेळ. सगळा गाव लोटला होता. तिने माईक ओठाशी नेला, पहिला शब्द उच्चारला आणि किंचाळून माईक फेकला. ओठाला झिणझिण्या, हात बधिर. तिथंच मटकन खाली बसली.

तिच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. पण खेड्यात तोंडावर न बोललेलं जास्त ऐकू येतं. रतनने उंबऱ्याशी जाणं सोडलं, बुवा रोज मागे लागले तरी ऐकेना. पंचांनी तोडगा काढला की यात्रेला बुवांच्याच आवाजातली जुनी कॅसेट लावायची. त्यावर बुवा कुजबुजले होते, “मी जित्ता असताना माझी कॅसेट लावताय व्हय रं?” आणि उठून गेले होते. हे सगळं मला पेठेतच कळलं होतं. पेठेत सगळंच कळतं.

तर आता रतन सभामंडपाच्या कोपऱ्यात बसून चिंचेने समया घासत होती. बुवा खांबाला टेकून तिच्याकडे बघत बसलेले. मी तिच्याजवळ गेलो.

“वहिनी, त्या दिवशी नेमक्या कुठं उभ्या होता?”

तिने मान वर केली नाही. “जाऊ द्या हो भाऊ. झालं ते झालं.”

“मला स्पीकर जोडायचेत. माईक चावत असला तर ते कळल्याशिवाय मी जोडणार नाही.”

“चावतोय कशाचा! बाकीची समदी बी म्हणत्यात की त्यात. जाजमावर बसून ह्येंच्या मित्रमंडळींनी म्हटलं, कुणाला काय झालं न्हाई. मला एकटीलाच झालं.”

“मी काय तसं बोललो न्हाई हां,” गुरव गाभाऱ्यातून ओरडला. “मी येवढंच म्हणालो, देवाच्या मनात काय हाय ते कुणाला ठावं.”

“तुमी येवढंच म्हणाला,” रतन समईला म्हणाली.

देवळात मी स्पीकरपुरतं बोलायचो. देवाच्या मनात काय आहे ते सांगायला मला कुणी बोलावलं नव्हतं, आणि शिकलगाराच्या पोराने ते सांगितलेलं कुणाला रुचलंही नसतं. पण वायरीच्या मनात काय आहे ते सांगणं हा माझा धंदा होता. मी गुरवाकडून नैवेद्याचा लाकडी पाट मागून घेतला, तो उंबऱ्याशी ठेवला, त्यावर उभा राहिलो आणि आनंदाला सेट चालू करायला सांगितला. खिशातला टेस्टर काढला, मागच्या टोपीवर बोट ठेवलं आणि टोक माईकच्या जाळीला टेकवलं. टेस्टरमध्ये मिणमिणता तांबडा ठिपका दिसला. मग मी एका पायाचा अंगठा पाटावरून खाली, गुरवाने नुकत्याच धुतलेल्या ओल्या फरशीला लावला. ठिपका लख्ख पेटला.

“अगं आई गं,” गुरव म्हणाला.

“आनंदा, बंद कर.” मी पाटावरून उतरलो. “वहिनी, बघितलंत? सेटच्या पोटातली थोडी वीज गळून त्याच्या पत्र्यावर येते. पत्र्यावरून वायरीतून माईकवर. तिला जमिनीत जायला वाट पाहिजे. ती वाट म्हणजे ही तिसरी पिन. ती गुंडूअण्णांनी पाडली. मग ती बिचारी बसते वाट बघत, कुणीतरी ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून ओठ लावेपर्यंत. जाजमावर बसलेल्याला काही होत नाही, कारण जाजम कोरडं आणि जाड. आज झिणझिण्या आल्यात. आतली एखादी वायर आणखी खरवडली ना, तर माणूस जागच्या जागी जाईल.”

गुरवाचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नव्हता, पक्कड हाताशी असली की वापरायची एवढाच त्याचा दोष.

मला वाटलं, सुटला गुंता. रतनने टेस्टर मागून घेतला, उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, “पुन्यांदा लावा. मला बघू द्या.”

मी तिला पाटावर उभं केलं, बोट कुठे ठेवायचं, कुठे नाही ते दाखवलं. ठिपका पेटलेला तिने स्वतःच्या डोळ्यांनी बघितला. बराच वेळ बघितला. मग खाली उतरून टेस्टर माझ्या हातात दिला.

“करंट हाय, कबूल,” ती म्हणाली. “पर भाऊ, एक सांगा. सेट काय आजचा न्हाई. पिन मोडली ती बी सेट आला तवाच. फरशी तीच, पानी तेच. मग मामा इतकी वर्षं इथंच उभं राहून म्हणत आलं. अनवाणीच. त्यास्नी कधी लागला न्हाई. मलाच कसा लागला?”

सासऱ्याला ती मामा म्हणायची. आमच्या भागात सुना तसंच म्हणतात.

त्या फरशीवर त्या माईकने बुवांना सोडलं असेल, हे माझ्या हिशेबात बसत नव्हतं. मी बुवांकडे बघितलं. बुवा गाभाऱ्यातल्या देवाकडे बघत होते, जणू आमचं बोलणं त्यांच्या कानावरच आलं नाही.

“माणसामाणसाच्या कातडीत फरक असतो,” मी कसंबसं म्हणालो. “कुणाची कोरडी, कुणाची...”

“व्हय,” रतन म्हणाली. “असंल काय तरी.” आणि ती परत समईला लागली. तिला माझं बोलणं समजलं होतं, पटलं नव्हतं. समजुतीसाठी लोक काय काय सांगतात त्यातलंच हे एक, असं तिच्या पाठीकडे बघूनच कळत होतं. मला फार वाईट वाटलं. पिन जोडून देईन, पण ही बाई काही उंबऱ्याशी यायची नाही.

काम मात्र करायला हवं होतं. देवळाच्या मागे, गाभाऱ्यातलं पाणी जिथं गोमुखातून बाहेर पडतं, तिथली माती कायम ओली. अर्थिंगला याच्यापेक्षा चांगली जागा शोधून सापडली नसती. आनंदाने कुदळ घेतली आणि मी सांगितलं तसा कमरेपर्यंत खड्डा काढला. मी भोकं पाडलेला लोखंडी पाईप आणला होता, कोळसा आणि खडेमीठ गुरवाने गावातून गोळा करून आणलं. पाप फेडल्यासारखा धावपळ करत होता बिचारा.

“मीठ कशाला रे?” पाराजवळून कुणीतरी विचारलं. “खारवायचं हाय का काय देवाला?”

“ओल धरून ठेवतं,” मी म्हणालो. “ओल राहिली तर वीज जाते. उन्हाळ्यात इथं घागरभर पाणी ओतत जा, विसरू नका.”

आनंदा कोळसा आणि मीठ थराथराने घालत होता, मी पाईपाला तांब्याची तार आवळत होतो, तेवढ्यात मागे कुणीतरी उभं राहिल्याचं जाणवलं. केरबा बुवा. त्यांची कुजबुज ऐकायची तर हातातलं काम थांबवावं लागायचं. मी पाना खाली ठेवला.

“हारूण, हे बसवलंस की मग माईक लागायचा न्हाई?”

“नाही लागणार.”

“अजिबात?”

“मुळीच नाही. म्हणून तर बसवतोय.”

बुवा खड्ड्यात बघत राहिले. मग म्हणाले, “र्‍हाऊ दे की मग. कशाला येवढा खटाटोप? एक यात्रा तर हाय.”

मी हबकलोच. “बुवा, काय बोलताय? सुनेला मारायचंय का?”

“तसं न्हाई रं.”

“मग कसं?”

ते काठी टेकत पाराकडे गेले आणि तिथं एकटेच बसून राहिले. मला राग आला. ज्या माणसाने गावाशी भांडून सुनेला उंबऱ्याशी उभं केलं, तिने सोडलं तरी रोज तिच्या मागे लागला, तोच आता म्हणतो, तिला चावणारा माईक तसाच राहू दे. म्हातारपणी माणूस हट्टी होतो हे ठाऊक होतं, पण हा कुठला हट्ट? मी तार जरा जास्तच जोराने आवळली.

माती टाकून झाली. वरून पाणी घालायचं राहिलं. मी रतनला हाक मारली, “वहिनी, एक घागर पाणी मिळेल का?”

ती घागर घेऊन आली. तिच्या मागोमाग बुवाही आले. घागर खड्ड्याच्या काठाला ठेवून ती वळली तसा बुवांनी तिचा हात धरला. सुनेचा हात सासऱ्याने असा चारचौघांत धरणं आमच्याकडे होत नाही. ती दचकली. आनंदाही कुदळ धरून तसाच राहिला.

“मला लागायचा,” बुवा म्हणाले.

“काय, मामा?”

“माईक. मला बी लागायचा. मगाशी तू इचारलंस न्हवं? लागायचा. दर यात्रंला, दर श्रावणात. पहिल्या ओळीला. ह्या इथं.” त्यांनी ओठावर बोट ठेवलं. “झिण्ण व्हायचं. ओठातनं दाढंत, दाढंतनं कानामागं. मला वाटायचं, आला. माझा नाथ आला. मी माईक सोडायचो न्हाई. आनखी जवळ घ्यायचो.”

ओल्या फरशीवर अनवाणी उभा राहून हा माणूस वर्षानुवर्षं चावणारा माईक जवळ घेत होता. तो अजून जिवंत कसा, हेच मला कळेना. पण ते विचारायची ती जागा नव्हती.

“कुणाला सांगितलं न्हाई मी,” बुवा कुजबुजत होते आणि आम्ही तिघेही पुढे वाकून ऐकत होतो. “आनंदाच्या आईला बी न्हाई. वाटायचं, सांगितलं तर जाईल. घसा कापला तवा आवाजाचं येवढं दुक न्हाई झालं. दुक ह्येचं झालं की आता त्यो परत भेटायचा न्हाई. आनि मग श्रावणात तुला लागला. तू तिथं रडत बसलीस, आनि मी घरी जाऊन देवापुढं साखर ठेवली. म्हटलं, माज्याकडनं सुटला तर पोरीला गावला. म्हणून तुज्या मागं लागलो, गा, गा म्हणून.”

“मग मला सांगायचं न्हाई का, मामा?” रतन म्हणाली. “तवापास्नं मी पायरीवर डोकं टेकताना बी भ्यालेली. वाटायचं, ह्येला माजं तोंड बी बघायचं न्हाई.”

“चुकलं माझं,” बुवा म्हणाले. “ते येवढं एकच माझं स्वतःचं हुतं. त्ये बी द्यायचं म्हणजे... आनि मग ह्या शिकलगारानं त्येला टेस्टरात दावला. तुला दावला, मला बी दावला.” त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. “तुला लागला तसाच मला लागला. तेवढाच. देवानं तुला काय येगळं काढलं न्हाई, रतन. मला बी काय येगळं दिलं न्हाई.”

एवढं बोलून ते वाकले आणि घागरीला हात घातला. भरलेली घागर त्यांना थोडीच उचलतेय! ती कलंडणार तेवढ्यात रतनने खालून हात दिला. दोघांनी मिळून पाणी ओतलं. माती ते पीत गेली, बुडबुडे आले, मग हळूहळू पाणी वर साचलं. आनंदाने तोंड फिरवून डोळे पुसले.

मी तार भिंतीवरून आत नेली, जुना बोर्ड काढून तीन भोकांचा बसवला, त्याच्याआधी एक नवा फ्यूज घातला, प्लग बदलला आणि नवे स्पीकर जोडले. मग चाचणीचा बल्ब घेतला आणि त्याची एक वायर विजेला, दुसरी अर्थिंगला लावली. बल्ब झगझगीत पेटला. वाट मोकळी झाली होती. सेट चालू करून मी टेस्टर माईकच्या जाळीला लावला, अंगठा फरशीला टेकवला. अंधार. गुरवाने येऊन त्यात डोळा घालून बघितलं आणि हात जोडले. देवाला की मला, ते त्यालाच माहीत.

“आता मी बघतो,” बुवा म्हणाले.

“बुवा, बघायची गरज नाही. मी बघितलंय.”

“तू बघितलंस रं. मला बघू दे.”

ते उंबऱ्याशी गेले. वहाणा बाहेरच होत्या. फरशी अजून ओलीच होती. त्यांनी माईक दोन्ही हातांत धरला, डोळे मिटले आणि ओठाला लावला. थांबले. पारावरची बोलणीसुद्धा बंद झाली होती.

“न्हाई,” ते म्हणाले.

ते नेहमीसारखंच कुजबुजले, पण नवे स्पीकर चालू होते. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच त्यांचा शब्द सगळ्या देवळाला ऐकू गेला. बुवा स्वतःच दचकले. मग त्यांनी मागे वळून रतनकडे माईक धरला.

रतनने तो घेतला नाही. “उद्या,” एवढंच म्हणाली आणि समया उचलून आत गेली.

त्या रात्री मी गावातच राहिलो, पण झोप काही धड लागली नाही. उद्या म्हणजे हो की नाही, हे मला त्या ‘उद्या’तून कळलं नव्हतं. पंचांनी कॅसेट आणून सेटवर ठेवलीच होती, असू दे म्हणून.

सकाळी देवाची आंघोळ झाली. पाणी उंबऱ्यावरून फरशीवर पसरलं. आनंदाने पखवाजावर थाप मारली, टाळकरी सरसावून बसले. बायकांच्या घोळक्यातून रतन उठली. हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू, चेहरा पांढराफटक. ती फरशीवर पाऊल टाकताना क्षणभर अडखळली, तेव्हा सगळ्या बायकांनी एकदम श्वास रोखलेला मला सेटजवळ ऐकू आला. माझा हात बटणावर होता. अर्थिंग पक्कं आहे हे माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी हात बटणावरच होता.

तिने माईक चांगला वीतभर लांब धरला. पहिली ओळ जेमतेम जाजमापर्यंत पोचली. मी आवाज वाढवला, तरी ती लांबच. दुसरी ओळ थोडी जवळ. मग ती देवाकडे बघायला लागली आणि माईककडे बघायचं विसरली. तिसऱ्या ओळीला ओठ जाळीला लागले. ती थबकली. काहीच झालं नाही. तिने पुन्हा तीच ओळ घेतली, आता मुद्दाम ओठ टेकवून, आणि वरच्या पट्टीत जी तान सोडली, ती बुवांची होती आणि बुवांची नव्हती. मला गाण्यातलं काही कळत नाही. पण तिने तान सोडली तेव्हा मी आवाजाचं बटण अर्ध्यावर आणलं, कारण त्या आवाजाला माझी गरज उरली नव्हती. पखवाज वाजवणारा आनंदा लेकरासारखा हसत होता.

पालखी हलली. गाव तिच्यामागे गेला. मी वायरी गुंडाळत होतो. बुवा खांबाला टेकून तसेच बसले होते. मी त्यांच्याजवळ जाऊन बसलो. कालपासून एक गोष्ट मला टोचत होती.

“बुवा,” मी म्हणालो, “तुमचं काढून घेतलं ना मी?”

बुवांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर मिस्कील काहीतरी होतं. त्यांनी सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला. पिकले केस सगळे ताठ उभे राहिले होते.

“बघ,” ते कुजबुजले. “तिनं तान घेतली तवाधरनं असंच हाय. बसतच न्हाईत. आता हे कुठनं आलं, सांग. तुझी तार तर सगळं मातीत घेऊन गेली.”

माझ्या खिशात टेस्टर होता. बुवांनी बाही खाली ओढली, काठी घेतली आणि पालखी गाठायला निघाले.